थारच्या आडवाटा: नागपूरहून गाडीने निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की नागपुरात जैसलमेरची चौकशी सुरू होते. बहुतेकांच्या यादीत सोनार किल्ला, हवेल्या, सम गावची वाळू आणि उंटावरचा फोटो असतो. ते जरूर पाहा. पण त्याच रस्त्यांवर, मुख्य वाटेपासून थोडं आत, दगड झालेलं जंगल आहे, सोडून दिलेली राजधानी आहे, हजारो करकोचे उतरतात असं गाव आहे. हे पान त्या ठिकाणांसाठी आहे. वाळवंट समजून घ्यायचं असेल तर प्रत्येक ठिकाणी एकच विचारा: इथे पाणी कधी होतं, आणि ते गेल्यावर काय झालं? खालच्या बहुतेक उत्तरांत हाच प्रश्न पुन्हा येईल.

नागपूर ते जैसलमेर किती लांब आहे? कोणत्या रस्त्याने जावं?

सुमारे १४०० किलोमीटर. आमची पसंती बैतूल, हरदा, इंदूर, रतलाम, मंदसौर, नीमच, उदयपूर, जोधपूर या वाटेला. इंदूरपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ४७ नेतो, ते अंतर ४७० किलोमीटरच्या आसपास. पहिला मुक्काम इंदूर, दुसरा उदयपूर, तिसरा जोधपूर धरला तर रोज उजेडातच गाडी चालते. भोपाळवरूनही जाता येतं, पण तो रस्ता परतीसाठी ठेवा. कारण शेवटच्या उत्तरात आहे.

रेल्वेने किंवा विमानाने जोधपूर गाठून तिथे भाड्याची गाडी घेणाऱ्यांचे चार-पाच दिवस वाचतात. पण मग मंदसौर, बालाथल, मेनार सगळं हुकतं, आणि हिरव्यातून पिवळ्यात जाणारा मुलूख डोळ्यांदेखत बदलताना दिसत नाही.

किती दिवस लागतील?

बारा दिवस असतील तर निवांत होतं. दहा दिवसांतही जमेल, पण मग बाडमेर सोडावं लागेल. त्याहून कमी दिवस असतील तर गाडीने जाऊ नका.

आम्ही नागपूरकर, उन्हाची सवय आहे. एप्रिल-मेमध्ये गेलं तर?

नका जाऊ. १९ मे २०१६ ला फलोदीत ५१ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि फलोदी याच वाटेवर आहे. आपल्याकडे दुपारी बारा ते चार घरात कूलर लावून बसता येतं. तिथे तुम्ही उघड्या माळावर जीवाश्म पाहत उभे असता आणि सावलीला झाड नसतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. करकोचेही तेव्हाच असतात. मात्र डिसेंबर-जानेवारीत रात्र बोचरी गार होते, कारण कोरडी हवा आणि वाळू दिवसाची ऊब धरून ठेवत नाहीत. तंबूत राहणार असाल तर स्वेटरवर भागणार नाही, कानटोपी आणि जाड पांघरूण गाडीत टाका. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरात, थार अनपेक्षित हिरवा असतो. उकाडा चालत असेल तर तो काळही सुंदर.

वाळवंट येईपर्यंतचे दोन दिवस नुसती गाडी चालवायची का?

मुळीच नाही. मंदसौरला लागून सोंदणी नावाचं गाव आहे. तिथे सहाव्या शतकातल्या यशोधर्मन राजाचे दोन प्रचंड दगडी विजयस्तंभ आडवे पडले आहेत. हूण राजा मिहिरकुल आपल्या पायाशी झुकला, असं त्यावरच्या संस्कृत लेखात राजाने कोरून ठेवलं. लेख रचणाऱ्या कवीचं नाव वासुल, कोरणाऱ्याचं गोविंद. राजाबरोबर कारागिराचंही नाव दगडावर टिकलं, म्हणून हे ठिकाण मला विशेष प्रिय आहे. तासाभरात पाहून होतं आणि गर्दी नसते.

याच जिल्ह्यात धर्मराजेश्वर आहे. वेरूळच्या कैलासासारखं वरून खाली एकाच खडकात कोरलेलं देऊळ, आकाराने लहान. पण ते वाटेपासून बरंच बाजूला पडतं, अर्धा दिवस हाताशी असेल तरच वळा.

पुढे नीमच लागतं. भीमबेटकाची आदिमानवाची गुहाचित्रं जगापुढे आणणाऱ्या डॉ. विष्णु श्रीधर वाकणकरांचा जन्म १९१९ मध्ये इथला. गावात त्यासाठी थांबायची गरज नाही, पण परतताना भीमबेटका पाहाल तेव्हा हे गाव आठवेल.

उदयपूरला तलाव आणि राजवाडे सोडून काय पाहावं?

चित्तोडकडून उदयपूरला येताना, शहराच्या सुमारे ४५ किलोमीटर आधी, मेनार हे गाव लागतं. गावच्या तळ्यांवर हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या इथे शिकार आणि मासेमारी होऊ दिली नाही. जून २०२५ मध्ये मेनार आणि आपल्याला पुढे लागणारं खीचन, दोन्ही रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. दुर्बीण असेल तर दोन तास द्या.

जवळच वल्लभनगरकडे बालाथल आहे. आहाड संस्कृतीच्या लोकांनी पाच हजार वर्षांपूर्वी वसवलेली वस्ती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र यांच्या नेतृत्वाखाली १९९४ पासून इथे उत्खनन झालं. त्यात सापडलेल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका सांगाड्यात कुष्ठरोगाच्या खुणा आढळल्या, भारतातला तो या रोगाचा सर्वांत जुना पुरावा. त्या माणसाला पुरलं होतं, आणि पुरताना भोवती शेणाची राख होती. ज्या विदर्भात आनंदवन उभं राहिलं तिथल्या माणसाला हे वाचून गलबलून येतं. जागेवर आज पाहायला फारसं काही नाही, ढिगारा आणि शेतं. उदयपुरातल्या आहाडच्या संग्रहालयात त्या काळची काळी-तांबडी भांडी पाहायला मिळतात. वेळ कमी असेल तर फक्त संग्रहालय करा.

जोधपुरात मेहरानगड झाला की पुढे निघावं का?

किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. तिकडे सकाळी जा. सत्तर हेक्टरांच्या आसपासचा हा खडकाळ माळ वेड्या बाभळीने गिळला होता. विदर्भात नाल्याकाठी दिसणारी तीच वेडी बाभूळ. २००६ पासून ती मुळासकट काढून तिथे थारची मूळ झाडं-झुडपं लावली. मुळं खडकाच्या भेगांत खोल गेलेली, म्हणून दगडाच्या खाणीत काम करणाऱ्या स्थानिक कारागिरांनी छिन्नी-हातोड्याने ती उकरली. आता तिथे थोर, रोहिडा, केर आणि कितीतरी गवतं आहेत. वाळवंटात पुढे जे दिसणार आहे त्याची ओळख इथे नावानिशी होते, म्हणून हे आधी करायचं.

पायाखालचा खडक नीट पाहा. आपली सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. मेहरानगडाखालचा खडकही ज्वालामुखीचाच, पण तो सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केला आहे. बहुतेक पर्यटक वर किल्ला बघतात, खालचा दगड कोणी बघत नाही.

शहराच्या दक्षिणेला खेजडली आहे. १७३० मध्ये खेजडीची झाडं वाचवताना अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी तिथे प्राण दिले. पर्यटनस्थळ म्हणून जाऊ नका. स्मारकापाशी शांत उभे राहा आणि गावाच्या आसपास निर्धास्त चरणारी काळविटं बघा.

जोधपूरहून जैसलमेरला सरळ जावं की वळसा घ्यावा?

वळसाच. ओसियां, फलोदी, खीचन, रामदेवरा, पोकरण या वाटेने अंतर वाढतं, पण वाळवंटाची खरी सुरुवात या वाटेवर होते.

ओसियां जोधपूरच्या उत्तरेला ६५ किलोमीटरवर. आठव्या शतकापासूनची प्रतिहार काळातली मंदिरं, त्यांत आठव्या शतकातलं महावीराचं मंदिर. सच्चियाय मातेच्या देवळात भाविकांची गर्दी असते, पण गावाच्या कडेची हरिहराची छोटी मंदिरं बहुधा रिकामी असतात. त्यांवरची शिल्पं जवळून, सावकाश पाहता येतात.

खीचनला पहाटे पोचायचं, म्हणून आदली रात्र फलोदीत काढा. मध्य आशिया आणि मंगोलियाकडून येणारे करकोचे इथे सप्टेंबरपासून मार्चपर्यंत असतात. तिकडे त्यांना कुरजां म्हणतात. गावात एक कुंपण घातलेलं चुग्गाघर आहे, तिथे गावकरी दाणे टाकतात. उजाडलं की थव्यामागून थवे उतरतात आणि आवाज इतका भरतो की शेजारच्याशी बोलता येत नाही. दाणे खाऊन झाल्यावर पक्षी आसपासच्या तळ्यांवर पाण्यासाठी जातात, तेव्हा तळ्याकाठीही थांबा. गावकऱ्यांच्या गच्चीवरून पाहायची सोय होते, विचारून जा. ड्रोन आणि फटाके यांनी अख्खा थवा उधळतो. मोठ्याने गाणी लावून गाडी नेऊ नका.

अकलच्या लाकडांत काय बघायचं? फोटोत तर नुसते ओंडके दिसतात.

हाच प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून उत्तर लांब आहे.

जैसलमेरपासून बाडमेर रस्त्यावर १७ किलोमीटरवर अकल वुड फॉसिल पार्क आहे. उघडा, तांबूस माळ, आणि त्यावर जाळीच्या पिंजऱ्यांत आडवे पडलेले दगडी बुंधे. सर्वांत मोठा सुमारे १३ मीटर लांब. हे सूचिपर्णी कुळातल्या झाडांचे बुंधे आहेत, आणि त्यांचं वय सुमारे १८ कोटी वर्षं. १९७२ मध्ये हे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक झालं.

लाकूड दगड कसं होतं? झाड पडलं आणि कुजायच्या आत नदीच्या वाळूत गाडलं गेलं. हवा न लागल्याने सडणं थांबलं. वाळूतून झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका विरघळलेली होती. ती लाकडाच्या पेशींत शिरून हळूहळू त्यांची जागा घेत गेली. आकार लाकडाचाच राहिला, पदार्थ बदलला. म्हणून जवळ वाकून पाहाल तर सालीच्या रेघा, लाकडाचे धागे, गाठी दिसतात. बोट लावून पाहू नका, डोळ्यांनी पुरतं.

आता माळाकडे वळून बघा. वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या जागी कधीकाळी उष्ण, दमट हवेतलं दाट जंगल आणि मोठी नदी होती. ज्या वालुकाश्मात ही झाडं सापडली त्याला लाठी वालुकाश्म म्हणतात. जैसलमेर भागातल्या खोल विहिरींना आणि नळकूपांना पाणी मिळतं ते बऱ्याच अंशी याच थरातून. ज्या नदीच्या वाळूने झाड जपलं, तीच वाळू आज भूजल साठवते.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक गोष्ट आणखी. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला असेच दगड झालेले बुंधे आहेत. त्याच भागातल्या कोटा गावावरून कोटासॉरस या डायनासोराला नाव मिळालं. हे खडकही ज्युरासिक काळातले. अकल पाहून परतल्यावर वडधमला जायचंच, असं ठरवून टाका. आपल्या घराजवळचं ठिकाण बघायला आपल्याला थारला जावं लागतं, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

पार्कला सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. दुपारच्या उभ्या उन्हात बुंध्यांवरच्या रेघा दिसत नाहीत.

तिथे डायनासोरही होते म्हणतात. काही बघता येतं का?

जैसलमेरजवळ थईयात गावच्या खडकांत २०१४ मध्ये मांसभक्षक डायनासोरांच्या पावलांचे ठसे सापडले. जेठवाईजवळ मिळालेल्या हाडांवरून २०२३ मध्ये थारोसॉरस इंडिकस ही नवी जात जाहीर झाली. ती लांब मानेच्या शाकाहारी गटातली, १६ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीची. रुडकीच्या आयआयटीने आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हे काम केलं. हाडं जागेवर नाहीत, तेव्हा जेठवाईला जाऊन काही दिसणार नाही. थईयातला जाणकार माणूस बरोबर असेल तरच जा, नाहीतर तुम्ही ठशांवरूनच चालत जाल.

लहान मुलांना हे दाखवायचं असेल तर जैसलमेरच्या पिवळ्या दगडाच्या भिंती दाखवा. इथे त्या काळी उथळ समुद्र होता. चुनखडीच्या पायऱ्यांत, ओट्यांत शिंपल्यांचे तुकडे सहज दिसतात. हाबूर गावचा शिंपल्यांनी भरलेला दगडही बाजारात मिळतो. त्याच्या वाटीत दुधाचं विरजणाशिवाय दही होतं असं विक्रेते सांगतात. वाटी देखणी असते, दह्याच्या भरवशावर मात्र घेऊ नका.

कुलधरा खरंच झपाटलेलं आहे का?

नाही. आणि भुताच्या नादात तिथली मोठी गोष्ट हरवते.

कुलधरा, खाबा आणि आसपासची गावं पालीवाल ब्राह्मणांची. दिवाण सालिमसिंहाच्या जाचाला कंटाळून ते एका रात्रीत गाव सोडून गेले, अशी दंतकथा आहे. अभ्यासक पाणी आटणं, कराचा बोजा, भूकंप अशी कारणं मांडतात आणि गाव हळूहळू रिकामं झालं असावं म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास हे घडलं.

पण हे लोक इथे कित्येक शतकं जगले कसे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याचं उत्तर खडीन. खडकाळ उतारावर पडलेला पाऊस वाहत खोलगट जागी येतो. त्या जागेच्या खालच्या अंगाला लांब मातीचा बांध घालायचा. पाणी अडतं, गाळ बसतो, जमीन खोलवर भिजते. पाणी जिरलं की त्याच ओलीवर रब्बीचा गहू आणि हरभरा, वरून एकही पाणी न देता. जैसलमेर परिसरात अशी खडीनं आजही पिकतात. भंडारा-गोंदियात कोहळी समाजाने बांधलेले मामा (माजी मालगुजारी) तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही अक्कल लगेच ओळखू येईल. तिथे हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस धरून ठेवायचा होता, इथे दीडशे-दोनशे.

म्हणून कुलधराला पडक्या भिंतींत फिरून झालं की खाबाच्या गढीवर जा. वरून ओसाड गावाचा आराखडा दिसतो. मग गाडी थांबवून एखाद्याला विचारा, "खडीन कठै है?" हिवाळ्यात उजाड माळाच्या मधोमध गव्हाचा हिरवा पट्टा दिसेल. माझ्या मते सगळ्या जैसलमेरमध्ये याहून पाहण्याजोगं काही नाही.

लोद्रवा चुकवलं तर चालेल का?

नका चुकवू. शहराच्या वायव्येला १५ किलोमीटरवर आहे. ११५६ मध्ये जैसल राजाने आजचं शहर वसवण्याआधी भाटी राजपुतांची राजधानी इथे होती. आता उरलं आहे ते पार्श्वनाथाचं जैन मंदिर, त्याचं कोरीव तोरण आणि काक नदीचं कोरडं पात्र. मूमल आणि महेंद्राची प्रेमकथा या नदीकाठची. तासभर पुरे.

माळढोक दिसेल का?

दिसेलच असं कोणीही सांगू नये. जगात दीडशेच्या आसपास उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. डेझर्ट नॅशनल पार्क ३१६२ चौरस किलोमीटरवर पसरलं आहे. त्यातल्या सुदासरी भागात शक्यता बरी असते. जायचं तर जैसलमेरच्या वनखात्याच्या कार्यालयातून परवानगी घ्या.

हा पक्षी वजनदार, समोरचं त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारांना धडकून मरतो. आपल्या वरोरा-भद्रावतीच्या माळांवरही तो होता, म्हणून नागपूरकरांना त्याचं परकेपण वाटू नये. समजवळच्या प्रजनन केंद्रात अंड्यांतून पिल्लं वाढवण्याचं काम चालू आहे. ते पर्यटकांसाठी नाही, तिथे जाऊन आग्रह करू नका. सुदासरीत माळढोक नाही दिसला तरी चिंकारा, वाळवंटी कोल्हा आणि गिधाडं बहुधा दिसतात.

किराडूला संध्याकाळी थांबू नये म्हणतात. का?

एका साधूच्या शापाने गाव दगड झालं आणि सूर्यास्तानंतर थांबणाराही दगड होतो, अशी लोककथा आहे. संध्याकाळी निघायचं खरं कारण साधं आहे: अंधारात काही दिसत नाही आणि रस्ता निर्जन आहे.

बाडमेरपासून ३५-४० किलोमीटरवर, मुनाबावच्या दिशेला, अकराव्या-बाराव्या शतकातल्या पाच मंदिरांचे अवशेष उभे आहेत. जुनं नाव किराटकूप. सोमेश्वराचं मंदिर सर्वांत मोठं. मारू-गुर्जर शैलीतलं कोरीव काम असं की खांबाच्या तळापासून वरपर्यंत रिकामी जागा नाही. रामायणातले प्रसंग, युद्धं, हत्ती, नर्तकी. गडचिरोलीतल्या मार्कंड्याच्या देवळांवर जीव असलेल्या माणसाने इथे अर्धा दिवस द्यावा. खाण्या-पिण्याचं बाडमेरहूनच घेऊन जा.

परतीच्या वाटेवर बालोतऱ्याजवळ पचपदरा लागतं. खारवाल समाजाचे लोक तिथे खड्ड्यांतल्या खाऱ्या पाण्यात मोराळीच्या काटेरी फांद्या टाकतात आणि त्यांच्यावर मिठाचे खडे धरतात. आता शेजारीच रिफायनरी उभी राहिली आहे, तेव्हा मिठागरं आहेत तोवर पाहून घ्या.

लहान गाडी चालेल का? वाळूत फसली तर?

वर सांगितलेल्या बहुतेक ठिकाणांपर्यंत डांबरी रस्ता आहे, लहान गाडी चालते. वाळूत स्वतःची गाडी घालू नका. वाळूच्या टेकड्यांवर जायचंच असेल तर स्थानिक जीप करा.

रस्त्यावर उडून आलेल्या वाळूत फसलात तर अॅक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक आणखी खाली जातं. चाकांपुढची वाळू हाताने काढा, टायरमधली हवा कमी करा, पायपुसणी चाकाखाली घाला आणि हळूच मागे या. बाहेर आल्यावर हवा भरायला हवी, म्हणून बारा व्होल्टचा पंप जवळ ठेवा. स्टेपनी, जॅक आणि टो करायचा दोर निघण्यापूर्वी घरीच तपासा. रात्री गाडी चालवू नका. उंट, नीलगाय, गुरं रस्त्यावर बसलेली असतात आणि उंटाचे पाय हेडलाइटच्या उजेडात फार उशिरा दिसतात.

पेट्रोल आणि पाणी?

एकूण साडेतीन हजार किलोमीटर धरा. पंधराचा अॅव्हरेज असेल तर सुमारे २३५ लिटर इंधन लागेल. जैसलमेरच्या पुढे टाकी अर्धी झाली की भरायची, ही सवय लावा. पाणी माणशी रोज पाच लिटर, आणि वीस लिटरचा एक कॅन वेगळा. तो कॅन गाडी बंद पडली तरच उघडायचा. गावातल्या टांक्यातून, म्हणजे पावसाचं पाणी साठवलेल्या हौदातून, न विचारता पाणी घेऊ नका. ते एका कुटुंबाचं वर्षभराचं साठवण असतं. मागितलंत तर नाही म्हणणार नाहीत.

सीमेजवळ जायला परवानगी लागते का?

तनोट आणि लोंगेवालापर्यंत भारतीय नागरिकांना ओळखपत्रावर जाता येतं. तनोटच्या पुढे सीमेपर्यंत जायचं तर परवानगी लागते. जैसलमेर-बाडमेरच्या सीमापट्ट्यातल्या काही गावांना बाहेरच्यांसाठी निर्बंध आहेत, निघण्याआधी तिथल्या पोलीस किंवा जिल्हा प्रशासनाकडे चौकशी करा. ड्रोन घरीच ठेवा. नेटवर्क जातं, म्हणून नकाशे आधी उतरवून घ्या आणि मुक्कामाच्या जागी संध्याकाळपर्यंत येतो असं सांगून निघा.

एखादा छोटा दगड आठवण म्हणून आणला तर काय बिघडतं?

खूप बिघडतं. जीवाश्म ज्या थरात, ज्या दिशेला पडलेला असतो त्यावरून त्याचं वय आणि त्या काळची हवा कळते. खिशात घातला की तो नुसता दगड उरतो. हजार माणसांनी एकेक तुकडा उचलला तर अकलचा माळ रिकामा होईल. संरक्षित प्राचीन वास्तूंची नासधूस केल्यास १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पण भीतीपोटी नको, आपल्या मागून येणाऱ्या मुलांसाठी तो तुकडा तिथेच राहू द्या.

ओरण म्हणजे तिकडची देवराई. तिथलं वाळलेलं लाकूडसुद्धा शेकोटीला उचलू नये.

आई-बाबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर?

खीचन, ओसियां, लोद्रवा, अकल सगळ्यांना झेपतं. किराडूला पायऱ्या आणि सुटे दगड आहेत, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी काठी घ्यावी. थारमध्ये फुरसं आणि विंचू दोन्ही आहेत. थंडीत कमी दिसतात, तरी पडक्या भिंतींत हात घालू नये, बंद बूट घालावेत, आणि तंबूत सकाळी बूट झटकून मगच पाय घालावा. साप चावलाच तर जैसलमेर, बाडमेर किंवा जोधपूरचं सरकारी रुग्णालय गाठायचं, झाडफूक करत बसायचं नाही.

जेवणाचं काय?

बाजरीचा सोगरा, केर-सांगरी, कढी, लसणाची चटणी. आपल्या भाकरी-ठेच्याच्या तोंडाला चटकन रुचतं. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, ज्या झाडासाठी खेजडलीत माणसं मेली त्याच. सावजीची तलफ आली तर जोधपुरात लाल मांस मिळतं.

गाइड घ्यावा का, आणि लोकांशी बोलावं कसं?

शहरात नाही घेतला तरी चालेल. खडीन, ओरण आणि ठशांसाठी मात्र गावातलाच माणूस घ्या, आणि पैसे आधी ठरवून पूर्ण द्या. आपली हिंदी तिकडे चालते. "राम राम सा" म्हणून सुरुवात करा, चहाला नाही म्हणू नका. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. गुराख्याला रस्ता विचारलात तर तो आधी तुम्ही कुठले ते विचारील. नागपूर म्हटलं की संत्र्यांची गोष्ट निघते. म्हणून पहिल्या आठवड्यापुरती एक पेटी गाडीत असू द्या, वाटायला बरी पडते.

परत त्याच रस्त्याने यावं का?

नाही. जोधपूरहून अजमेर, बूंदी, कोटा करत बारांला या. बारां जिल्ह्यात मांगरोळजवळ रामगढ आहे (जैसलमेरकडेही एक रामगढ आहे, नकाशात नीट बघा). सपाट शेतांच्या मधोमध एक गोल डोंगररांग उठते, साडेतीन-चार किलोमीटर व्यासाची. हे लोणारसारखंच उल्कापाताचं विवर आहे. लोणारचा व्यास १.८ किलोमीटर आणि खडक बेसाल्ट, इथला खडक विंध्य गटातला. रामगढ खूप जुनं, झिजलेलं, म्हणून विवर आहे हे उभ्याने लगेच कळत नाही. कड्यावरच्या देवळाच्या पायऱ्या चढून आत पाहिलं की गोल लक्षात येतो. आत भंड देवरा हे दहाव्या शतकाच्या आसपासचं शिवमंदिर आहे, बरंचसं पडलेलं, तरी त्याचे खांब पाहत राहावेत असे. लोणारलाही विवराच्या आत जुनी देवळं आहेत. दोन्हीकडे माणसाने त्या गोल खोलगटात देव का बसवला असेल, यावर गाडीत भरपूर गप्पा होतात.

तिथून गुणा, ब्यावरा, भोपाळ. भोपाळच्या दक्षिणेला ४५ किलोमीटरवर, आपल्या वाटेवरच, भीमबेटका. वाकणकरांनी १९५७ मध्ये ही शैलाश्रयं शोधली, २००३ मध्ये ती जागतिक वारसा झाली. इथे सकाळी पोचा आणि अकरापर्यंत निघा. नागपूर इथून ३०० किलोमीटरच्या पुढे आहे, आणि इटारसी ते बैतूलचा जंगल-घाटाचा टप्पा उजेडातच पार करायला हवा.